एकतीस तास

“झोपू दे त्याला, उतरली की उठेल.” हे वाक्य माझं. रविवारी सकाळी साडेनऊला मी वहिनीला फोनवर हे सांगितलं आणि माझ्या कामाला लागले.

दादा काही रोज पिणारा नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मित्रांबरोबर बसतो आणि दुसरा दिवस डोकं धरून काढतो. त्यामुळे डोकं ठणकतंय, दोनदा उलटी झाली, अंगात त्राण नाही, यातलं काहीच आम्हाला नवीन नव्हतं. नवीन गोष्ट एकच होती. वहिनी म्हणाली होती, “रात्री आले तेव्हा चांगले शुद्धीत होते गं. किल्ली जागेवर ठेवली, दाराला कडी लावली. मग सकाळी एवढं कसं चढलं?”

प्यायलेली दारू झोपेत उतरते, चढत नाही. वहिनीने अख्खं निदान माझ्यासमोर ठेवलं होतं आणि मी त्यावर ‘झोपू दे’ म्हणून पांघरूण घातलं.

दिवसभर तो पडून होता. संध्याकाळी पोटात कळा यायला लागल्या म्हणून वहिनी त्याला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं, गोळ्या मिळाल्या. त्या डॉक्टरांवर मी पुढे बरेच दिवस मनातल्या मनात चिडत होते. पण खरं सांगायचं तर त्यांना दारूचं कोणी सांगितलंच नव्हतं. “बाहेरचं काहीतरी पोटात गेलं असेल,” एवढंच वहिनी बोलली. शेजारी ओळखीची माणसं बसली होती.

मी रात्री त्यांच्याकडे मुक्कामाला गेले. सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास दादाने हाक मारली. म्हणाला, “खिडकी लाव, धुकं आत येतंय.” खिडकी बंद होती. मी तसं सांगितलं, तर तो डोळे चोळत म्हणाला, “मग हे पांढरं काय आहे सगळं? दुधात डोळे उघडल्यासारखं वाटतंय.” मी दिवा लावला. तो माझ्या दिशेने बघत होता, पण नजर माझ्यावर ठरत नव्हती. आणि त्याचा श्वास! पलंगावर आडवा पडलेला माणूस चार जिने चढून आल्यासारखा खोल, भराभर श्वास घेत होता. ना घरघर, ना खोकला. नुसता भाता चालल्यासारखा.

कॅज्युअल्टीत जी रेसिडेंट डॉक्टर होती ती वयाने माझ्यापेक्षा लहान असेल. तिने स्टेथोस्कोप लावायच्या आधी अर्धा मिनिट नुसता त्याचा श्वास बघितला. मग डोळ्यांत टॉर्च मारली. बाहुल्या मोठ्या होत्या आणि उजेड पडल्यावर आळसावल्यासारख्या हळूहळू लहान झाल्या. “काय प्यायले? कधी? कोणाबरोबर?” तिने विचारलं. वहिनीने सवयीने मान हलवली, “नाही हो, ते घेत नाहीत.” त्यावर ती मुलगी आवाज न चढवता जे म्हणाली ते मला अजून आठवतं. “ताई, मला त्यांची लाज काढायची नाहीये. मला वेळ मोजायचा आहे.”

मग मी सांगितलं. शनिवारी रात्री दहा वाजता, चौघं जण. सीलबंद बाटली संपल्यावर कोणीतरी एका कॅनमधली काढली होती. शनिवारी रात्रीचे दहा ते सोमवारी पहाटेचे पाच, म्हणजे एकतीस तास.

तिने मनगटाच्या शिरेतून नाही, धमनीतून रक्त घेतलं. ते जास्त दुखतं, पण दादा हूं की चूं करेना. दहा मिनिटांत एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचा, कागद आला. रक्ताचा पीएच साधारण ७.३५ ते ७.४५ असतो, त्याचा ६.९८ होता. शाळेत लिटमस कागद लाल-निळा करण्यापलीकडे माझा या पीएचशी संबंध आला नव्हता, तरी त्या आकड्यावर डॉक्टरच्या चेहऱ्यात झालेला फरक मला वाचता आला. बायकार्बोनेट ५, जे बावीसच्या पुढे हवं. तिने त्याच कागदाच्या कोपऱ्यात वजाबाकी केली: सोडियम १४०, त्यातून क्लोराइड १०३ आणि बायकार्बोनेट ५ वजा, उरले ३२. हा ‘अनायन गॅप’ जेमतेम बाराच्या आसपास असायला हवा. बत्तीस म्हणजे रक्तात असं कुठलंतरी आम्ल साठलंय जे नेहमीच्या तपासण्यांत दिसत नाही. तिने त्या बत्तीसभोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं, मिथेनॉल (थिनरसारख्या द्रवांत असतं ते अल्कोहोल), आणि पुढे प्रश्नचिन्ह. रक्तातलं मिथेनॉल थेट मोजायची सोय सगळीकडे नसते आणि असली तरी अहवालाला वेळ लागतो. त्या प्रश्नचिन्हावरच उपचार सुरू करायचे असतात.

लगेच दोन गोष्टी झाल्या. सोडाबायकार्बची सलाईन चढली. आणि सिस्टरने नाकातून पोटात नळी घातली, तिच्यातून मोजून काहीतरी सोडलं. वास आला तशी वहिनी ताडकन उठली. “हे काय देताय तुम्ही? दारू?”

हो, दारूच. पातळ केलेलं इथेनॉल, म्हणजे खऱ्या दारूत असतं तेच अल्कोहोल. ज्या गोष्टीने हे झालं तिचीच सख्खी बहीण नाकातून घालतायत, हे पचवणं वहिनीला फार जड गेलं. आयसीयूच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून समजावलं, आणि त्यांनी दिलेला दाखला मी त्यानंतर कितीतरी जणांना ऐकवला आहे. मिथेनॉल पोटात जातं तेव्हा ते थोडी झिंग देतं, तितकं विषारी नसतं. विष आपलं यकृत तयार करतं. यकृतात एक एन्झाइम आहे, अल्कोहोल डिहायड्रोजिनेस. ती समजा गिरणी. मिथेनॉलचं दळण तिच्यात पडलं की आधी फॉर्मल्डिहाइड निघतं आणि त्याचं लगेच फॉर्मिक ॲसिड होतं. हे ॲसिड पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. ऑक्सिजन असतो, पण पेशी गुदमरते. सगळ्यात आधी गुदमरते ती डोळ्यामागची नस, कारण तिची भूक मोठी. पण या गिरणीवाल्याला इथेनॉल जास्त जवळचं. इथेनॉलचा डबा आला की तो मिथेनॉलला बाजूला बसवतो आणि इथेनॉलचं दळण आधी घेतो. म्हणून इथेनॉलचे डबे रांगेत सतत ठेवायचे, मिथेनॉलचा नंबर लागूच द्यायचा नाही.

“आणि जे दळून झालंय ते?” मी विचारलं.

“ते काढायला डायलिसिस.”

तेव्हा मला कळलं की ते एकतीस तास कुठे गेले. पहिले दहा-बारा तास दादा बरा दिसत होता कारण तोवर दळण पुरेसं झालं नव्हतं. मिथेनॉलचा त्रास बहुतेकांना बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो. आम्ही ज्याला उतरणं म्हणत होतो ती प्रत्यक्षात चढण होती.

इथेनॉलला पर्याय म्हणून एक औषध आहे, फोमेपिझोल. तेच एन्झाइम अडवतं, पण माणसाला नशा येत नाही, साखर उतरत नाही, दर तासाला रक्त तपासत बसावं लागत नाही. वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅमचा पहिला डोस आणि मग बारा-बारा तासांनी. अमेरिकेत १९९७ पासून ते मान्य आहे आणि २०१३ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. आता यादीत असणं वेगळं आणि रुग्णालयाच्या कपाटात असणं वेगळं. आमच्या कपाटात नव्हतं. त्यामुळे इथेनॉल, आणि त्याच्याबरोबर येणारी सगळी कटकट: रक्तातलं प्रमाण दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास राहिलं पाहिजे, कमी झालं तर गिरणी पुन्हा सुरू, जास्त झालं तर माणूस गुंगीत श्वास घ्यायचा विसरायचा. साखर घसरते म्हणून तासातासाला बोट टोचायचं. पहिल्या रात्रीत दादाच्या डाव्या हाताची एकही बोटाची पेर शिल्लक राहिली नव्हती. हे सगळं वाचून कोणाला वाटेल की मग घरीच दोन पेग पाजून बघू, तर त्या आयसीयूत एकदा उभं राहून बघावं.

डायलिसिससाठी मानेतल्या मोठ्या शिरेत जाडसर नळी घातली. बाहेर बसलेल्या काकांनी लगेच विचारलं, “किडन्या गेल्या का रे?” प्रत्येकाचा तोच प्रश्न. किडन्या ठणठणीत होत्या. मशीन इथे किडनीच्या बदल्यात लावलं नव्हतं. रक्तातलं मिथेनॉल आणि तयार झालेलं फॉर्मेट (फॉर्मिक ॲसिडचंच रक्तातलं रूप) दोन्ही एकदम ओढून काढायला आणि आम्ल धुवायला त्याच्याइतकं वेगवान दुसरं काही नाही. गंमत अशी की मशीन इथेनॉलही तितक्याच इमानदारीने बाहेर काढतं. त्यामुळे डायलिसिस चालू असताना नळीतून सोडायचं इथेनॉल वाढवावं लागतं. एकीकडून ओतायचं, दुसरीकडून उपसायचं. सिस्टरने चार्टवर तासागणिक आकडे मांडले होते आणि ती त्यांच्याकडे दुधाच्या पातेल्याकडे बघावं तशी बघत होती.

त्याखेरीज सहा-सहा तासांनी एक पिवळसर इंजेक्शन होतं, फोलिनिक ॲसिड. फॉर्मिक ॲसिडची शेवटी विल्हेवाट लावायला शरीराला फोलेट लागतं, आणि ते माणसाच्या शरीरात पटकन कमी पडतं. म्हणून तो पुरवठा बाहेरून.

पण सोमवारची सकाळ फक्त दादाची नव्हती. त्या रेसिडेंट मुलीने सहा वाजताच मला बाजूला घेतलं होतं. “बाकीचे तिघं कुठे आहेत? कसे आहेत ते विचारू नका, इथे बोलवा. आत्ता.” मी फोन लावत सुटले. एकाच्या घरी रडारड ऐकू आली. त्याला रविवारी रात्री घरच्यांनी ‘झोपलाय’ म्हणून हलवलं नव्हतं. मी फोन हातात धरून किती वेळ उभी होते आठवत नाही. दुसऱ्याने दोनच घोट घेतले होते, चव आवडली नाही म्हणे. (चवीवरून किंवा वासावरून मिथेनॉल ओळखता येत नाही. त्याला जे आवडलं नाही ते दुसरंच काहीतरी असणार, पण त्याचं नशीब.) त्याला चोवीस तास तपासण्या करून घरी सोडलं.

चौथा म्हणजे मास्तर. शिकवायला कुठेच नाही, पण सगळे त्याला मास्तरच म्हणतात. तो फोनवर हसला. “मला काय धाड भरलीये? मी मस्त आहे. आणि आम्ही काडी लावून बघितली होती, निळी जळली.” निळी दोन्ही जळतात. त्या परीक्षेचा उपयोग फक्त भुवया जाळून घ्यायला. तो येईना म्हणून त्याच्या बायकोला सांगितलं, तिने त्याला अक्षरशः रिक्षात कोंबून आणलं.

मास्तर खरोखर मस्त होता. पीएच ७.३८, डोळे स्वच्छ, कॅज्युअल्टीच्या पलंगावर पाय हलवत बसलेला. मला तर क्षणभर वाटलं की उगाच आणलं. पण त्या मुलीने दुसरा हिशेब मांडला. रक्तात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, ज्याला ऑस्मोलॅलिटी म्हणतात. सोडियम, साखर आणि युरिया यांवरून ते २९० यायला हवं होतं. यंत्राने मोजलं ते ३२५. फरक पस्तीस, चालतो दहापर्यंत. मास्तरच्या रक्तात साधं अल्कोहोलही होतं, त्याचे साधारण दहा वजा केले तरी पंचवीस उरतात. कोणीतरी मोठ्या संख्येने रक्तात बसलंय आणि अजून त्याने काही केलेलं नाही.

दादाच्या वेळी पहिला हिशेब, अनायन गॅपचा, बिघडलेला होता, मास्तरच्या वेळी हा दुसरा. विष अख्खं असताना हा दुसरा फरक वाढतो, दळून झालं की पहिला. एकाच कॅनमधून प्यायलेली दोन माणसं त्या एकाच रोगाच्या दोन टोकांना, दोन शेजारच्या पलंगांवर होती.

आणि मास्तर का वाचला होता? कारण तो चौघांत सगळ्यात जास्त पिणारा. शनिवारी कॅनच्या आधी आणि नंतर त्याने स्वतःच्या सीलबंद बाटलीतली घेतली, रविवारी दुपारी घेतली, रात्रीही घेतली. नकळत तो दोन दिवस गिरणीत इथेनॉलचे डबे टाकत राहिला. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती हसली की रडली ते मला कळलं नाही. नवऱ्याने एकदाच घेतली म्हणून तो गेला असता, आणि बाटलीला चिकटलेला मास्तर पाय हलवत बसलाय. हे काही आमच्याच वाट्याला आलेलं आश्चर्य नव्हे. नॉर्वेचे डॉक्टर ओलुफ रोए यांनी १९४०च्या दशकात हेच नोंदवलं होतं, की मिथेनॉलबरोबर साधी दारूही प्यायलेल्यांची तब्येत कमी बिघडते. आजचा उपचार तिथून आला.

मास्तरला हे कळल्यावर त्याला जोर चढला. “म्हणजे डॉक्टर, मी घरी बरोबर औषध घेत होतो!” मोठ्या डॉक्टरांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही चोराला दारात अडवून धरलंय. तो घरातच आहे. झोप लागली, बाटली संपली, की तो आत शिरणार.” दळण थांबवलं तर मिथेनॉल श्वासातून आणि लघवीतून फार सावकाश बाहेर पडतं, निम्मं व्हायलाच दोन दिवस जातात. म्हणून मास्तरलाही मानेत नळी बसली. आठ तास मशीनवर तो कोणाशी एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी घरी गेला, दोन्ही डोळे शाबूत.

दादाचा पीएच सोमवारी दुपारपर्यंत ७.२ आणि रात्री ७.३४ झाला. श्वासाचा भाता शांत झाला तेव्हा मला वाटलं, जिंकलो. डायलिसिस मंगळवारी पुन्हा एकदा करावं लागलं. बुधवारी तो उठून बसला, बोलला, पाणी मागितलं. मी ग्लास पुढे धरला आणि त्याचा हात ग्लासच्या वीतभर शेजारून गेला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यामागची नस सुजलेली असल्याचं सांगितलं. पुढचे काही आठवडे दृष्टी सुधारू शकते, काहींची चांगलीच सुधारते, काहींची सुधारून पुन्हा उतरते. कोणाचं काय होईल ते पहिल्या आठवड्यात कळत नाही. रक्तात आम्ल किती आणि किती वेळ होतं, यावर बरंच अवलंबून. म्हणजे पुन्हा तेच एकतीस तास. मेंदूचा एमआरआयही काढला, कारण मिथेनॉल आतल्या ज्या भागाला इजा करतं तिथे दुखापत झाली तर हात थरथरणं, चाल जड होणं असं मागे राहू शकतं. तिथे दादा सुटला.

पोलिसांचा जबाब, कॅन कुठून आला त्याचा माग, हे सगळं झालं. त्यात मी लिहिण्यासारखं काही नाही. थिनरमध्ये, काचा पुसायच्या द्रवात, कारखान्यांच्या पिंपांत मिथेनॉल सगळीकडे असतं आणि ते खऱ्या अल्कोहोलपेक्षा स्वस्त असतं, यापुढे त्या गोष्टीत गूढ नव्हतं. मी घरी आल्यावर माळ्यावरच्या पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं थिनर आधी टाकून दिलं. रेसिडेंट मुलीने जाता जाता सांगितलं होतं की गाडीचं कूलंटही असंच. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, लहान मुलं पितात, आणि त्याचे स्फटिक होऊन मूत्रपिंडं बंद पडतात. उपचार बराचसा तोच, गिरणीही तीच.

आता या गोष्टीला सात महिने झाले. दादाला कडेचं दिसतं. दार, खुर्ची, चालणारी माणसं, जिन्याच्या पायऱ्या. मधलं दिसत नाही. ज्या गोष्टीवर नजर रोखावी तीच पुसली जाते. वाचन गेलं, गाडी गेली. मोबाइल तो कानाला लावून ऐकतो, भाच्याने त्यात बोलून दाखवायची सोय करून दिली आहे. चहा ओतताना बोट कपाच्या कडेला टेकवून ठेवतो, चटका बसला की थांबतो.

परवा मी गेले तेव्हा तो माझ्याशी बोलत होता आणि बघत होता माझ्या उजव्या कानाकडे. मी डूल सारखं करायला हात नेला. “डूल ठीक आहे,” तो म्हणाला. “कानाकडे बघितलं की तुझा चेहरा दिसतो. तू बारीक झालीयेस.”